छापखाना बंद होऊ द्या, दप्तर वाचवा

वर्ष-दोन वर्षांनी बडोद्याच्या एखाद्या वर्तमानपत्रात एक ठरावीक बातमी येते. रावपुऱ्यातला किंवा दांडिया बाजारातला अमुक एक छापखाना, चौथी पिढी, आता बंद होतोय. सोबत फोटो असतो: भिंतीवर हार घातलेले पणजोबा, खाली ट्रेडल मशीन, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, आणि मशीनला टेकून उभा असलेला पन्नाशीतला मालक. मजकुरात 'एका युगाचा अस्त' हे शब्द असतातच. मग व्हॉट्सअ‍ॅपवर आपण सगळे हळहळतो. 'माझ्या मुंजीची पत्रिका तिथेच छापली होती' असं कोणीतरी लिहितं, दुसरं कोणीतरी नव्या पिढीला चार शब्द सुनावतं आणि प्रकरण मिटतं.

मला ही हळहळ पटत नाही. छापखाना बंद होतो याचं फार वाईट वाटून घ्यावं असं त्यात काही नाही. वाईट घडतं ते पुढच्या आठवड्यात, आणि त्याची बातमी होत नाही. माळ्यावरची पोती खाली येतात. ऑर्डरच्या वह्या, बिलबुकं, कागदवाल्यांचे जुने हिशेब, केलेल्या प्रत्येक कामाची एकेक प्रत तारेत ओवून ठेवलेली असते ते गठ्ठे, हे सगळं रद्दीत जातं. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, किलोवर भंगारवाला नेतो. मशीन मात्र पुष्कळदा वाचतं, कारण ते दिसायला देखणं असतं. एखादा हॉटेलवाला काळा-सोनेरी रंग देऊन ते दाराशी मांडतो. थोडक्यात, लोखंड राहतं आणि कागद जातो. शहराला या बाबतीत पैसा आणि जागा खर्च करायचीच असेल, तर ती या कागदांसाठी करावी, असं माझं म्हणणं आहे. छापखाना जगवण्यासाठी अनुदान नको आणि मशीन काचेत ठेवण्यासाठी संग्रहालयही नको.

आधी त्या चौथ्या पिढीबद्दल, कारण तिला विनाकारण बोल लागतो. खिळ्यांच्या छपाईत भांडवल माणसापेक्षा जास्त जगायचं. ट्रेडल मशीनचं तेलपाणी वेळच्या वेळी केलं, तर ते पन्नास-साठ वर्षं कुरकुर न करता चालायचं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेले खिळे झिजायचे, पण झिजलेले खिळे वजनावर फाउंड्रीला परत देता यायचे आणि वर थोडे पैसे टाकले की नवे मिळायचे. खिळे ठेवायच्या घराघरांच्या लाकडी केसेस, रॅक, जुळवलेल्या ओळी ठेवायच्या गॅल्या, फर्मा (एका वेळी छापायच्या पानांचा जुळवलेला संच) बांधायचा दगड, सगळं आजोबांनी घेतलं तरी नातवाच्या हाती चालत्या स्थितीत यायचं. शिक्षणही घरातच. मुलगा शाळेतून आला की खिळे सोडायला बसायचा, म्हणजे छापून झालेला मजकूर मोडून एकेक खिळा त्याच्या घरात परत टाकायचा. देवनागरीच्या केसमध्ये जोडाक्षरांची, काना-मात्रांची शेकडो घरं. सहा महिन्यांत ती त्याला पाठ होत. बाप मुलाला धंदा द्यायचा आणि मुलगा तो घ्यायचा, त्यात भक्ती थोडी आणि व्यवहार पुष्कळ होता. बाहेरच्या माणसाला हा धंदा नव्यानं उभा करायला जेवढा खर्च आला असता, त्याच्या पाव खर्चात तो घरच्या मुलाला मिळत होता.

खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं, नव्वदच्या दशकात संगणकावर पानं जुळवणारं डीटीपी आलं आणि हे गणितच उलटं झालं. संगणक पाच वर्षांत जुना होतो. फिल्म काढायचं तंत्र स्थिरावतं न स्थिरावतं तोच थेट प्लेट काढायचं तंत्र येतं. दर पायरीला नवं कर्ज, आणि कर्ज फिटायच्या आत यंत्र मोडीत. बापाकडून मुलाला मिळण्यासारखं उरलं काय, तर गिऱ्हाईक आणि जागा. गिऱ्हाईक आता पत्रिका मोबाइलवर पाठवतं. जागेचा भाव धंद्याच्या नफ्याला केव्हाच मागे टाकून गेला. अशा वेळी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये गेली किंवा मुलानं मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत खोक्यांचा कारखाना काढला, तर त्यांनी घराण्याच्या नावाला काय धक्का लावला? उलट पणजोबांनी त्यांच्या काळी जे केलं तेच त्यांनी केलं, पुढे चालेल असा धंदा शोधला. (ट्रेडल मशीनही पूर्ण संपलेलं नाही. बिलांवर नंबर टाकायला, फाडायच्या रेषेची भोकं पाडायला, पुठ्ठा कापायला आणि पत्रिकेवर सोनेरी फॉइल चढवायला ते गल्लीबोळात आजही धडधडतं. त्याला अनुदान लागत नाही. काम आहे म्हणून ते चालतं.)

धंदा संपतो त्याला इलाज नाही. पण त्या धंद्यानं जे नोंदवून ठेवलं ते का संपावं?

छापखान्याचा इतिहास म्हणून आपण सहसा मोठी नावं सांगतो. जावजी दादाजींचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १८६४ मध्ये त्यांनी खिळे पाडायचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. संस्कृत ग्रंथांच्या छपाईत त्या छापखान्याला जोड नव्हती. पण निर्णयसागरची पुस्तकं हातात घेऊन मुखपृष्ठामागचं पान क्रमानं पाहत गेलं, तर एका घराण्याची कथा कोणी न सांगता समोर येते. आधी जावजी दादाजी. मग तुकाराम जावजी. मग पांडुरंग जावजी. आणि त्यानंतरच्या काळात प्रकाशक म्हणून नाव येतं ते सत्यभामाबाई पांडुरंग यांचं. मुद्रक म्हणून वर्षानुवर्षं रामचंद्र येसू शेडगे हे नाव दिसतं, जे या घराण्यातलं नाही. मालक बदलत गेले आणि छापणारा माणूस तिथेच राहिला, ही गोष्ट कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा त्या दोन ओळी चोख सांगतात. एका बाईचं नाव एवढ्या मोठ्या छापखान्याच्या पुस्तकांवर यावं, यामागे काय घडलं असेल हा प्रश्न पडतो तोही त्या ओळींमुळेच.

त्या ओळी असायच्या कारण कायदा तसा होता. १८६७ च्या छापखान्यांच्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं होतं. पुस्तकांच्या प्रती सरकारात जमा कराव्या लागत आणि त्यावरून दर तिमाहीला याद्या निघत. इंग्रजांना यातून लक्ष ठेवायचं होतं, वाङ्मयाची सेवा करायची नव्हती. तरी त्या याद्यांवर आज मराठी ग्रंथसूचीचा मोठा भाग उभा आहे.

बडोद्याची अडचण इथे सुरू होते. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. बडोदा संस्थान, तसंच होळकरांचं इंदूर आणि शिंद्यांचं ग्वाल्हेर, त्याच्या कक्षेबाहेर. मुंबईत किंवा पुण्यात छापलेलं चोपडं सरकारी यादीत चढण्याची निदान शक्यता होती. आपल्याकडे छापलेल्यावर ते बंधन नव्हतं. म्हणून मुंबई-पुण्याच्या मराठी छपाईचा माग काढायला जे साधन आहे, ते बृहन्महाराष्ट्राच्या या तीन गावांना तेवढं उपलब्ध नाही. इथल्या छपाईची नोंद शोधायची तर छापखान्याच्या माळ्यावरच शोधावी लागते. मुंबईतल्या छापखान्याची वही गेली तर हानी झाली असं म्हणता येईल. बडोद्यातल्या छापखान्याची वही गेली तर त्या कामाचा पुरावाच बहुधा उरत नाही.

आणि काम थोडं नव्हतं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पुस्तकं वाचणारा एवढा समाज तयार होतो तेव्हा छापणाऱ्याच्या दारात रांग लागणारच. सरकारी अहवाल आणि फॉर्म संस्थानच्या छापखान्यात होत. बाकीचं शहर खासगी छापखान्यांकडे जाई. दामोदर सावळाराम यंदे यांच्यासारखा प्रकाशक इथून 'श्रीसयाजीविजय' चालवत होता. सयाजी साहित्यमालेत आणि बालज्ञानमालेत मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांची पुस्तकं निघत होती. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामावरचा दहा खंडांचा मराठी कोश बडोद्यातून काढला. मल्लखांबापासून कुस्तीच्या डावांपर्यंत सचित्र. दहा खंड! पुण्यातही अशा कामाला धजावणारे कमी. त्याचे संपादक आपल्याला माहीत आहेत. पण चित्रांचे ब्लॉक कोणी पाडले, कागद उधारीवर कोणी दिला, एका फर्म्याला किती दिवस लागत, हे कुठे शोधायचं?

एका परिचितांच्या छापखान्यातल्या ऑर्डरच्या वह्या मला निवांत बघायला मिळाल्या. छापखाना कोणता हे महत्त्वाचं नाही, असे बरेच होते. लांबट, कापडी पाठीच्या, चोपडीसारख्या वर उघडणाऱ्या वह्या. सगळ्यात जुन्या वहीतली नोंद मोडी लिपीत. मग बाळबोध येते, अक्षर बदलतं, शाई निळी होते. पुढच्या वह्यांत गिऱ्हाइकांची नावं मराठी आणि कामाचा तपशील गुजराती. शेवटच्या वह्यांत सगळंच गुजराती, आणि मग वह्याच थांबतात कारण संगणकावर हिशेब ठेवणारं टॅली आलं. तारीख, नाव, काम, प्रती, कागद, आगाऊ, बाकी असे रकाने. मंगळाष्टकं, गुलाबी कागद. गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका. फरसाणवाल्याचं पाकीट. पतपेढीचा वार्षिक अहवाल, 'घाईचं' असा शेरा. नाटकाची हस्तपत्रकं, त्यापुढे 'पैसे प्रयोगानंतर', आणि बाकीचा रकाना तसाच कोरा, यावरून प्रयोगाला गर्दी किती झाली असेल याचा अंदाज येतो. एका लग्नाच्या पत्रिकेपुढे 'बाकी माफ' लिहिलंय. त्याच घरच्या दुसऱ्या लग्नाला मात्र सगळे पैसे आधी घेतलेत.

त्या वहीतला अनुक्रमांक आणि तारेतल्या प्रतीवर पेन्सिलीनं घातलेला क्रमांक जुळतो. म्हणून ती पत्रिका नुसती पत्रिका राहत नाही. कोणाची, कधीची, किती प्रती, किती भावात, पैसे फिटले का, हे सगळं तिच्याबरोबर कळतं. आणि वर्षानुक्रमानं पत्रिका लावल्या की बडोद्याच्या मराठी घरांचं काय काय होत गेलं ते दिसतं. आधी फक्त मराठी पत्रिका. मग एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, कारण शेजारी, ऑफिसचे लोक आणि पुढेपुढे व्याहीही गुजराती. मग मराठी पत्रिकेत गुजराती कंकोत्रीतला 'टहुको' शिरतो, म्हणजे घरच्या पोराटोरांच्या नावे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असली बोबडी ओळ. मग मराठी बाजू अर्ध्या पानावर येते. मग फक्त गणपतीखालचा श्लोक आणि 'आपले नम्र' एवढं मराठी. जनगणना दर दहा वर्षांनी मातृभाषा विचारते आणि लोक अभिमानानं मराठी सांगतात. पण पाहुण्यांना बोलवायला आपण कोणती भाषा वापरली, हे पत्रिकेत दिसतं, आणि तिथे खोटं बोलायचं कारणही नसतं. बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलनं झाली याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. या चार संमेलनांच्या मधल्या काळात इथली मराठी कशी जगली हे संमेलनाध्यक्षांच्या भाषणांत मिळणार नाही.

असं दप्तर घरच्यांनीच जपावं, त्यांचाच तो इतिहास, असं बरेच जण म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण जागेची टंचाई एवढंच नाही. घराणं आपला इतिहास लिहितं तो सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत. त्यात संस्थापकांचे कष्ट असतात, महाराजांनी पाठ थोपटल्याची आख्यायिका असते, 'सचोटी' हा शब्द दर पानावर असतो. भावाभावांच्या वाटणीत केसेस कशा अर्ध्या-अर्ध्या झाल्या हे त्यात नसतं. रात्री जेवणं झाल्यावर फर्म्यांच्या घड्या घालणाऱ्या, पानं शिवणाऱ्या, प्रुफं वाचणाऱ्या घरातल्या बायका त्यात नसतात, कारण त्यांना मजुरी नव्हती. जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे कामगार, तर नसतातच. चाळीस चाळीस वर्षं एका पायावर भार टाकून केससमोर उभं राहिलेली, शिशाची धूळ पोटात गेलेली, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढवून घेणारी ही माणसं. बडोद्यात मराठी आणि गुजराती दोन्ही केसेसवर हात चालणारा जुळारी म्हणजे छापखान्याचा खरा मालक, असं मालकच खासगीत म्हणत. स्मरणिकेत त्याला फार तर 'आमचे जुने सेवक' ही ओळ मिळते. पगाराच्या वहीत मात्र त्याचं नाव दर महिन्याला आहे, उचल किती घेतली आणि कशासाठी तेही आहे. कुटुंबाच्या हाती दप्तर राहिलं तर स्मरणिका टिकेल आणि पगाराची वही जाईल. हा दोष कोणा एकाचा नाही. आपल्या घरच्या कपाटातही आपण तेच करतो.

आणखी एक गोष्ट घरचे लोक पहिली फाडतात: पेच आणणारी कामं. निवडणुकीतली एकमेकांची उणीदुणी काढणारी पत्रकं, ट्रस्टच्या भांडणातली निवेदनं, संपाच्या वेळची हस्तपत्रकं, दंगलीच्या दिवसांतले कागद. छापणारा पोटासाठी दोन्ही बाजूंचं छापत असे. हे कागद आज लाजिरवाणे वाटतात म्हणून तर ते तिसऱ्या कोणाकडे असायला हवेत.

'सगळं स्कॅन करून टाका, कागद कशाला ठेवायचा' हा हल्ली प्रत्येक बैठकीत येणारा उपाय. स्कॅन जरूर करावं. पण अशा कामात सुंदर सुंदर पत्रिका तेवढ्या स्कॅन होतात आणि इन्स्टाग्रामवर जातात. कळकट वही कोणी स्कॅन करत नाही, आणि वहीशिवाय त्या पत्रिकेला ना साल ना गाव. शिवाय डिजिटलवर एवढा भरवसा ठेवणाऱ्यांनी छापखान्यांचा १९९५ ते २०१० हा काळ बघावा. सगळी कामं श्रीलिपी, आयएसएम नाहीतर आकृतीच्या फॉन्टमध्ये, कोरल किंवा पेजमेकरच्या फाइलींत, फ्लॉपीवर आणि सीडीवर. तो फॉन्ट त्या संगणकावर, तो संगणक भंगारात. सीडी उघडलीच तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मोडी वाचणारा माणूस आज शोधला तर मिळतो; त्या फाइली वाचणारं यंत्र मिळवणं त्याहून अवघड आहे. आपल्या शहराच्या छपाईतला सगळ्यात अंधारा काळ शंभर वर्षांपूर्वीचा नसून पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्या काळातले मालक अजून हयात आहेत. त्यांना विचारायला कोणी जात नाही, कारण डीटीपीत कोणाला रम्य भूतकाळ दिसत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. वहीत लोकांच्या उधाऱ्या आहेत. कोणाच्या घरी लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर लग्न मोडलं, कोणाचे पैसे वर्षानुवर्षं थकले, हे सगळं त्यात आहे, आणि बडोदं एवढं मोठं नाही की आडनावावरून माणूस ओळखू येऊ नये. छापखानदारानं ते कधी बोलून दाखवलं नाही. ग्रंथालयानं ते उघडं टाकणं हा विश्वासघात होईल. म्हणून हिशेबाच्या आणि पगाराच्या वह्या पन्नास वर्षं बंद राहाव्यात, छापील प्रती लगेच खुल्या कराव्यात, आणि एखाद्या कुटुंबानं आपल्या घरचं पान आणखी काही वर्षं झाकायला सांगितलं तर झाकावं. यात संशोधकांची गैरसोय होईल. होऊ दे.

आता कायद्याकडे, कारण या विषयाला घाई आहे ती त्यामुळे. १८६७ चा तो जुना कायदा विलीनीकरणानंतर आपल्यालाही लागू झाला होता. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नव्या कायद्यानं घेतली. जिल्हा दंडाधिकाऱ्यासमोर जाऊन प्रतिज्ञापत्र करण्याची कटकट गेली, हे छापखानदारांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकं त्यातून वगळली गेली. १९५४ च्या कायद्यानं पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या चार ग्रंथालयांना द्याव्या लागतात, पण ते बंधन प्रकाशकावर आहे, आणि पत्रिका, हस्तपत्रकं, कार्यक्रमपत्रिका त्यात येतच नाहीत. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता घालणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानं आजही सक्तीचं आहे. गंमत पाहा, ज्या कागदाचं आयुष्य पंधरा दिवस, त्यावर मुद्रकाचं नाव हटकून सापडेल, आणि मंडळाच्या शताब्दी अंकावर ते असेलच असं नाही. निर्णयसागरच्या त्या दोन ओळींवरून जसा माग काढता येतो, तसा आजच्या छपाईचा पुढे काढता येणार नाही. आपोआप गोळा होणारा पुरावा आटत चालला आहे, तेव्हा मुद्दाम जाऊन गोळा करावा लागेल.

हे करायला नवी संस्था नको. नवी संस्था म्हटलं की आधी कार्यकारिणी, मग भांडण, मग लेटरहेड, आणि लेटरहेड छापायला छापखाना शोधणं आलंच. बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याच्या लोखंडी कपाटांची आणि काचेच्या जमिनीची आपण पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं ओळख करून देतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, मराठी विभाग आहे. यांपैकी एकानं एक खोली आणि एक माणूस द्यावा. विभागातल्या विद्यार्थ्यांना दर वर्षी प्रबंधिकेसाठी तेच तेच कादंबरीकार दिले जातात. त्याऐवजी एका विद्यार्थ्याला एका छापखान्याची वही द्यावी. मोडी शिकावी लागेल, गुजराती वाचावी लागेल, जुन्या जुळाऱ्याच्या घरी जाऊन बसावं लागेल. एवढं करून मिळालेली पदवी मी तरी जास्त मानाची समजेन. खिळे उरले असतील तर ललितकला शाखेला द्यावेत. मुलं हातानं जुळवून छापतील, काचेत ठेवण्यापेक्षा ते बरं. मराठी वाङ्मय परिषदेसारख्या जुन्या संस्थेनं छापखानदारांच्या घरी रदबदली करावी, कारण विद्यापीठाच्या पत्रापेक्षा दांडिया बाजारात ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त चालतो.

घरच्यांना यातून काय मिळेल, असं विचारतील, आणि विचारावंच. पैसे देऊ नयेत. एकदा भाव ठरला की चांगल्या पत्रिका दलालाकडे जातील आणि वह्या रद्दीकडेच. त्यांना नीट पोच द्यावी, दप्तर घराण्याच्या नावानं ठेवावं आणि लागेल तेव्हा त्यांना बघायला मिळावं. त्या नावाखाली, पगाराच्या वहीची मुदत संपली की, जुळाऱ्यांची आणि मशीनमनची नावंही यावीत, ही अट मात्र पोचपावतीतच असावी. काही घरं या अटीवर नाही म्हणतील. त्यांच्याकडे पुन्हा जावं.

अडचण एवढीच की ग्रंथालयाला कळेपर्यंत पोतं गेलेलं असतं. बातमी येते ती छापखाना बंद झाल्यावर. म्हणून चालू छापखान्यांकडे आत्ताच जायला हवं, मालक धडधाकट असताना आणि वाटणीची बोलणी सुरू व्हायच्या आधी. आणि ती पहिली फेरी दिवाळीच्या आत व्हावी, कारण माळे साफ होतात ते तेव्हाच.